रात्री दहाचे पाणी

खळीचा कप रिकामा व्हायला एकोणीस सेकंद लागतात. भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या एका सायझिंग कारखान्यात २००५ ते २००८ या चार वर्षांची लॉग बुके आहेत, आणि त्यांत चौदा नोंदी अशा आहेत की तोच कप रिकामा व्हायला दोन ते सहा मिनिटे लागली. चौदाही नोंदी हारून मास्टरांच्या हातच्या आहेत. चौदांपैकी एकही रमजान महिन्यातली नाही.

सायझिंग म्हणजे सुताला खळ देणे. मागावर चढण्याआधी ताण्याचे सूत उकळत्या खळीतून काढावे लागते, वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून फिरवून वाळवावे लागते आणि मग बीमवर, म्हणजे मोठ्या रुळावर, गुंडाळावे लागते. खळ पातळ झाली तर मागावर धागा पिंजतो, घट्ट झाली तर कडकडून तुटतो, आणि दोन्ही वेळा भिवंडीभरचे लूमवाले सायझिंगवाल्याच्या नावाने खडे फोडतात. म्हणून दर अर्ध्या तासाला बुडाशी भोक असलेला पितळी कप खळीत बुडवून वर धरायचा, धार सुटली की स्टॉपवॉच दाबायचे आणि धार तुटली की पुन्हा दाबायचे. हारून बुबेरे हे काम एकोणतीस वर्षे करीत होते. ते रसायनशास्त्राचे पदवीधर होते आणि कारखान्यात त्यांना सगळे मास्टर म्हणत.

कप रिकामा व्हायला सहा मिनिटे लागतील अशी खळ अजून कोणी शिजवलेली नाही. धार केव्हाच तुटलेली असे. घड्याळ तेवढे चालत राही, कारण ते धरणारा माणूस उभ्या उभ्या झोपी गेलेला असे. दुसरा कोणी असता तर जागा झाल्यावर मुकाट्याने ‘एकोणीस’ लिहून मोकळा झाला असता. हारून मास्टर घड्याळाने दाखवले ते लिहीत. शेजारी ‘कारण’ असा एक रकाना होता. त्यात त्यांनी प्रत्येक वेळी ‘अज्ञात’ लिहिले होते.

तेरावी नोंद २००८च्या ऑगस्टमधली. त्या दिवशी घड्याळात पाच मिनिटे चौतीस सेकंद झाले, आणि त्यांचा डावा कोपर सिलिंडरला टेकून भाजला. कारखान्याचे मालक केसरीनाथ शेठ स्वतः मलम घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी भाताच्या खाचरावर हा कारखाना उभा केला, त्याच साली हारून कामाला लागले होते. त्यामुळे दोघांत मालक-नोकर हे नाते होते, पण ते बोलण्यात फारसे उतरत नसे.

“मास्टर, तुमी उभ्या उभ्या झोपता. घोडा झोपतो तसं.”

“घोड्याच्या गुडघ्यांना कुलूप लागते, शेठ. माझ्या गुडघ्यांना लागत नाही. एवढा फरक आहे.”

“फरक ह्यो हाय का घोड्याच्या म्होरं वाफेचा सिलिंडर नसतो.” केसरीनाथांनी मलमाचे झाकण लावले. “हे बघा, कशेळीला पोरानं गोदाम बांधलंय. थितं खुर्ची हाय, पंखा हाय. ट्रक आला तर सही करायची, न्हाय तर निवांत बसायचं.”

“तिथे दुसरे कोण असते?”

“दुसरं कोन कशाला पायजे? गोदामच हाय ते. कुलूप असतं.”

कारखान्यात बावीस माणसे होती. सकाळच्या शिफ्टला त्यातली निम्मी तरी हारून यांना काही ना काही विचारत: तापमान किती ठेवू, खळ कधी उतरवू, मास्टर तुमच्या डब्यात आज काय. खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत असे विचारणारे कोणी नव्हते. पत्नी जुबैदा जाऊन साडेतीन वर्षे झाली होती. मुलगी हफसा नवऱ्याबरोबर दोह्याला असे आणि दर शुक्रवारी संध्याकाळी फोन करी. शुक्रवार कारखान्याच्या सुट्टीचा. जुम्याच्या नमाजानंतर चार सलाम होत, परंतु सलामाचे उत्तर ठरलेले असते. ते बोलणे नव्हे. एका शुक्रवारी फोन उचलल्यावर त्यांचा आवाजच फुटला नाही आणि हफसा तिकडे घाबरली. तेव्हापासून ते फोन येण्याच्या आधी खाकरून एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणून घेत. कशेळीला गेल्यास आठवड्याचे सातही दिवस शुक्रवार होणार, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

“डॉक्टरला दाखवतो,” ते म्हणाले. “मग ठरवा.”

“दाखवा. चिठ्ठी आना, का हा मानूस कामावर झोपनार न्हाय. मी कशाला तुमाला घालवीन?”

ठाण्याच्या डॉक्टरांनी घसा पाहिला, मान टेपने मोजली आणि झोपेत श्वास अडत असावा असा अंदाज सांगितला. रात्री झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास थांबतो, रक्तातला प्राणवायू उतरतो. मग मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो, श्वास सुरू होतो, माणूस पुन्हा झोपतो. असे रात्रभर चालते आणि सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. खात्री करायची तर रात्रभराचे मोजमाप हवे. चाचणीच्या केंद्रात पलंग रिकामा नव्हता, परंतु घरी लावायचे यंत्र होते. त्याचा नंबर लागेपर्यंत रमजान निम्मा उलटला.

यंत्र घेऊन आली ती रुचिका नावाची तंत्रज्ञ. इफ्तार नुकता झाला होता. ती दारातच चपला काढत बोलू लागली, ती बोलतच राहिली.

“चाचा, कशेळीच्या पुलावर सव्वा तास! माझीच झोपेची टेस्ट झाली असती रिक्षात.”

त्यांनी तिच्यापुढे खजूर आणि भज्यांची बशी ठेवली. तिने छातीचा पट्टा, नाकाखालची नळी आणि बोटाचा चिमटा पलंगावर मांडून प्रत्येकाला क्रमांकाची चिठ्ठी चिकटवली आणि फॉर्म काढला.

“औषध कुठलं चालू आहे?”

“काही नाही.”

“दारू, तंबाखू?”

“नाही.”

“घोरता का? झोपेत श्वास थांबतो का?”

“मला कसे कळणार? मी तेव्हा झोपलेला असतो.”

“बरोबर.” ती हसली. “हा प्रश्न शेजारी झोपणाऱ्याला विचारायचा असतो.”

“शेजारी कोणी नाही.”

“मग ‘लागू नाही’ लिहू?”

“लिहा.”

ती गेल्यावर त्यांनी सूचनांचा कागद वाचला. ‘पट्टा घरच्यांच्या मदतीने पाठीमागे बांधावा’ असे त्यात लिहिले होते. रमजानात रात्री होणारा तरावीहचा नमाज आटोपून आल्यावर त्यांनी पट्टा पुढे बांधला आणि अंगाभोवती फिरवून त्याचा चाप मागे नेला. तीन प्रयत्न लागले.

चार दिवसांनी आकडा आला. तासाला आठ वेळा श्वास अडतो. सर्वांत कमी प्राणवायू नव्वद टक्के. पाचपर्यंत निरोगी, पंधरापर्यंत सौम्य. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली की काळजीचे कारण दिसत नाही. केसरीनाथांनी ती चष्मा लावून दोनदा वाचली आणि कार्यालयात देवाच्या तसबिरीमागे ठेवून दिली. रमजानभर हारून मास्टरांचा कप एकोणीस सेकंदांतच रिकामा होत राहिला. रात्री जेमतेम पाच तास झोप आणि दिवसभर निर्जळी उपास, तरी डोळे टक्क उघडे.

“ही रमजानची बरकत आहे, अब्बा,” हफसा फोनवर म्हणाली. “दर वर्षी असंच होतं. तुम्हीच सांगता.”

“बरकत असेल,” ते म्हणाले. “पण ती ईदनंतर का सोडून जाते?”

“तुम्ही बरकतीलाही रकाना आखाल!”

ते श्रद्धाळू होते आणि रोजा कधी चुकवला नव्हता. तरीही ज्या गोष्टीचे कारण मोजता येते तिथे अल्लाचे नाव पुढे करणे हा त्यांना आळस वाटे.

ईद झाली. महिना गेला. ५ नोव्हेंबरला सकाळी अकराच्या नोंदीला ते कप धरून उभे राहिले आणि तसेच पुढे झुकले. समोर उकळती खळ होती. मागून जाणाऱ्या दौलत नावाच्या कामगाराने त्यांच्या सदऱ्याची कॉलर पकडली. सदरा खांद्यापासून फाटला, माणूस राहिला. कप खळीत पडला होता. हातातले घड्याळ दोन मिनिटे एकवीस सेकंदांवर चालू होते. त्यांनी ते दाबले आणि आकडा लिहिला. ही चौदावी नोंद.

केसरीनाथ शेठ या वेळी विनोद करण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

“बास झालं, मास्टर. दौलत मुतायला गेला असता तर आज काय झालं असतं?”

“मी पडलो असतो.”

“आनि पोलीस माझ्या दारात. ती तुमची चिठ्ठी काय चाटायची? एक जानेवारीपासून कशेळी. तवर यंत्रापाशी उभं राहायचं न्हाय, लांबून सांगायचं.”

“आणि कारण सापडले तर?”

“सापडलं आनि गेलं, असं दोन्ही झालं तर इचार करू. नुसतं सापडून मना काय कामाचं?”

दुसरी चाचणी १८ नोव्हेंबरला झाली. रुचिकाने तेच यंत्र आणले, तेच प्रश्न विचारले, तीच उत्तरे लिहिली. आकडा आला चव्वेचाळीस. सर्वांत लांब थांबलेला श्वास अडुसष्ट सेकंदांचा. प्राणवायू एकाहत्तरपर्यंत उतरलेला. डॉक्टरांनी तोंडावर मुखवटा लावून झोपायचे यंत्र सुचवले. पहिल्या आकड्याचे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले की तेव्हा चिमटा सैल बसला असेल, असे होते.

बाहेरच्या बाकावर रुचिका नळ्या गुंडाळत बसली होती. तिने ते ऐकले होते.

“चिमटा सैल असता तर आकडे गायब झाले असते, चांगले आले नसते,” ती हळूच म्हणाली. “आणि यंत्र दोन्ही वेळा सात नंबरचंच. माझ्या हातचं.”

“म्हणजे यंत्र खरे बोलले.”

“दोन्ही वेळा.”

“मग बदललो तो मी.” हारून तिच्या शेजारी बसले. “आमच्याकडे एखादे बीम बिघडले तर आम्ही यंत्राला दोष देत नाही, बेटा. खळीच्या भांड्यात काय काय पडले ते आधी बघतो. स्टार्च किती, मेण किती, पाणी कुठल्या नळाचे. ज्या दिवशी चांगले बीम निघाले त्या दिवशीची यादी शेजारी ठेवतो. ज्यात फरक दिसेल तिथे हात घालायचा.”

“मग करा की यादी. तुमच्या भांड्यात काय पडतं?”

त्यांनी आठ दिवस यादी केली. एका बाजूला रमजान, दुसऱ्या बाजूला इतर दिवस. रमजानचा रकाना आठवणीवरून भरावा लागला. तो त्यांनी पेन्सिलीने भरला, कारण आठवण हे मोजमाप नव्हे. मग दोन्ही कागद घेऊन ते दुपारी ठाण्याला गेले. रुचिका डबा खात होती. तिने एका हातात पोळीचा तुकडा धरून दुसऱ्या हाताच्या बोटाने यादी वाचायला घेतली.

“‘चहा, साखर दीड चमचा.’ ‘उशी एक, कापसाची, जुनी.’ ‘रमजानचे पहिले पाच दिवस झोप उशिरा लागते.’ चाचा, तुम्ही नखं कापली तेही लिहिलंय! माझे सासरे असे असते तर मी पळून गेले असते.”

“लग्न झाले आहे?”

“नाही ना. म्हणून तर पळायला सोपं.” तिचे बोट थांबले. “हे काय? ‘रात्री दहा. पाणी, अर्धा ग्लास.’ रोजच आहे की. आणि रमजानात नाही. तहान काय घड्याळ बघून लागते का?”

“ते तहानेसाठी नाही. गोळीसाठी.”

रुचिकाने पोळीचा तुकडा डब्यात ठेवला.

“कुठली गोळी?”

“ती माझी नाही. जुबैदाची आहे.”

“जुबैदा कोण?”

“माझी बायको.”

“पण तुम्ही तर शेजारी कोणी नाही म्हणालात.”

“ती जानेवारी २००५ मध्ये गेली.”

रुचिकाने यादीकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

“मग गोळी कोण घेतं, चाचा?”

हा प्रश्न इतक्या सरळ शब्दांत त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही.

“मी,” ते म्हणाले.

जुबैदाचा आजार चौदा महिने चालला. शेवटी शेवटी तिला दुखण्याने झोप लागेनाशी झाली, तेव्हा कल्याणच्या डॉक्टरांनी झोपेची एक गोळी लिहून दिली: रात्री दहाला, अर्धा ग्लास पाण्याबरोबर. ती देणे हे हारून यांचे काम. ते तिला मानेखाली हात घालून उठवत, गोळी जिभेवर ठेवत, ग्लास ओठांना लावत आणि तिचा श्वास लांब पडेपर्यंत बसून राहत. ती गेली तेव्हा गोळ्यांच्या दोन पट्ट्या शिल्लक होत्या. तिच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाला त्या रात्री दहा वाजता ते सवयीने उठले, ग्लास अर्धा भरला, गोळी पट्टीतून काढली आणि मग ती कोणाला द्यायची हे त्यांना सुचेना. पट्टीत परत बसवता येत नाही. त्यांनी ती घेतली. झोप गाढ लागली.

पट्ट्या संपल्यावर ते कोन गावाला गेले. जुबैदाची औषधे कल्याणहून येताना वाटेत तिथल्याच पंढरी नावाच्या दुकानदाराकडून घेतली जात. मोहल्ल्याच्या तोंडाशी तीन मेडिकल होती, पण तिन्ही दुकानदारांनी जुबैदाच्या जनाज्याला खांदा दिला होता. कोनला ती बातमी पोचली नव्हती. पंढरीने जुन्या चिठ्ठीकडे पाहिले, तीन पट्ट्या काढल्या आणि विचारले, “भाभी कशा आहेत?” हारून म्हणाले, “बरी आहे.” त्यानंतर दर महिन्याला ते सहाआसनी रिक्षाने कोनला जात. दर महिन्याला पंढरी विचारी आणि दर महिन्याला ते तेच उत्तर देत. जुबैदाची विचारपूस करणारे ते जगातले एकच ठिकाण राहिले होते.

रमजानचे वेगळे होते. जुबैदा असताना पहाटे सेहरीच्या जेवणाला ती त्यांना पायाचा अंगठा धरून उठवी. ती गेल्यानंतरच्या पहिल्या रमजानात, दुसऱ्याच दिवशी, गोळीच्या गुंगीत ते सेहरी झोपून राहिले. मशिदीचा भोंगा, गल्लीतून हाका घालत जाणारे, उशाचे गजराचे घड्याळ, सगळे निघून गेले आणि त्यांना साडेसातला जाग आली. त्या दिवसापासून रमजानचा चाँद दिसला की ते पट्टी कपाटात ठेवत आणि ईदचा चाँद दिसला की बाहेर काढत.

हे सगळे सांगताना त्यांचा आवाज अहवाल वाचावा तसा होता.

“मी दोनदा विचारलं होतं,” रुचिका म्हणाली. “औषध कुठलं चालू आहे म्हणून.”

“पहिल्यांदा मी खरे सांगितले. रमजान होता.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदाही मला ते खरेच वाटले. चिठ्ठीवर तिचे नाव आहे.”

एकोणतीस वर्षांत त्यांनी एकही आकडा खोटा लिहिला नव्हता. यादीतही त्यांनी पाणी लिहिले होते, ग्लास अर्धा होता हे लिहिले होते, वेळ मिनिटाला धरून लिहिली होती. गोळी तेवढी लिहिली नव्हती, कारण त्यांच्या हिशेबी ती त्यांच्या भांड्यात पडत नव्हती.

डॉक्टर दहा मिनिटे रागावले आणि पाच मिनिटे समजावत बसले. अशी गोळी मेंदूला शांत करते, तशीच घशाच्या स्नायूंनाही सैल सोडते. ज्याचा घसा मुळात थोडा मिटणारा आहे त्याचा तो पुरता मिटतो. वर, श्वास थांबला की मेंदू जो धक्का देऊन उठवतो, तो धक्काही उशिरा येतो. मात्र इतक्या वर्षांची गोळी एकदम तोडायची नाही. रमजानात एकदम सोडत होतात आणि पाच दिवस तळमळत होतात, त्यावर निभावले हे नशीब. त्यांनी कागदावर आखून दिले: आधी अर्धी, मग पाव, मग एकाआड एक, मग बंद.

डिसेंबरची वीस तारीख आली तेव्हा गोळी बंद झालेली होती. पाणी बंद झाले नाही. दहा वाजता हारून उठत, अर्धा ग्लास भरत, तो पिऊन पालथा घालत आणि परत येत. पहिले काही दिवस झोप लागायला एक-दोन वाजत. त्या जागेपणात खोली त्यांना फार मोठी वाटे. गोळीचे आणखी एक काम असे की ती दहा ते सहा हा काळ नाहीसा करी. आता तो पुरता आठ तासांचा भरे, आणि त्यात पलंगाची दुसरी बाजू सुरकुती न पडता पडून असे. हे मोजायला यंत्र नव्हते, आणि असते तरी ते डॉक्टरांच्या विषयातले नव्हते.

तिसऱ्या चाचणीला रुचिका २६ तारखेला आली. फॉर्म काढून तिने विचारले, “औषध?”

“काही नाही.”

“कोणाचंही?”

“कोणाचेही नाही.”

तिने मान हलवली आणि निघताना पट्टा स्वतः त्यांच्या सदऱ्यावरून पाठीमागे बांधून दाखवला, किती घट्ट हवा ते. “असाच ठेवा. सोडू नका. झोपायच्या वेळी नळी आणि चिमटा तेवढा लावा.” त्या रात्री त्यांना तीन प्रयत्न करावे लागले नाहीत.

आकडा आला नऊ.

३० डिसेंबरला सकाळी तिन्ही अहवाल घेऊन ते केसरीनाथ शेठच्या पुढे उभे राहिले. शेठनी आठ, चव्वेचाळीस आणि नऊ हे तीन आकडे बोटाखाली धरून पाहिले, सगळी हकिगत ऐकली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“म्हंजे वहिनींची गोळी तुमी चार वर्सं खाल्ली.”

“वर्षाला रमजानचा महिना कमी. म्हणजे अकरा गुणिले...”

“ऱ्हाऊ द्या गुनाकार.” शेठनी अहवाल परत केले. मग नवा पितळी कप खणातून काढून पुढे सरकवला. जुना खळीत पडून वाकला होता. “परवापासून सकाळची शिफ्ट. दौलत पंधरा दिवस तुमच्या बाजूला उभा ऱ्हाईल. न्हाय म्हनायचं न्हाय.”

“मी नाही म्हणत नाही,” हारून म्हणाले.

त्याच दुपारी ते कोनला गेले. पंढरी गिऱ्हाइकांत होता. त्यांना पाहताच त्याचा हात न बघता मागच्या फळीकडे गेला आणि तीन पट्ट्या घेऊन आला.

“या मास्टर! गेल्या महिन्यात आलाच नाहीत. भाभी कशा आहेत?”

“पंढरीशेठ, गोळी नको.”

“अरे वा! बऱ्या झाल्या म्हणा की.”

“नाही. ती गेली.”

पंढरीने पट्ट्या काउंटरवर ठेवल्या. “अरेरे. कधी?”

“अठरा जानेवारी.” ते थांबले. नंतरचा आकडा त्यांनी घड्याळ दाबावे तसा उच्चारला. “दोन हजार पाच.”

पुढच्या बाईला खोकल्याचे औषध हवे होते. पंढरीने तिला ते दिले, तिचे सुटे पैसे द्यायचे विसरला, तिने हाक मारल्यावर दिले.

“मी दर वेळी विचारत होतो,” तो म्हणाला.

“विचारत होतात, म्हणून येत होतो.”

पंढरीने पट्ट्या उचलल्या, फळीवर ठेवल्या, आणि पाठ वळलेली असतानाच म्हणाला, “मग आता तुम्ही काही यायचे नाही.”

“कामाशिवाय कशाला येऊ?”

“खोकला तरी होऊ द्या कधीमधी.”

“बघतो,” हारून म्हणाले, आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. रिक्षा भरायला पाच माणसे कमी होती.

एक जानेवारीला सकाळी सात वाजता त्यांनी पहिला कप धरला. दौलत हात मागे बांधून शेजारी उभा होता आणि धारेकडे नव्हे, मास्टरांच्या पापण्यांकडे पाहत होता. एकोणीस सेकंद झाले. त्यांनी ते लिहिले. मग त्यांनी कार्यालयातून मागची चार लॉग बुके आणवली, चौदा पाने खुणा घालून उघडली, आणि पहिल्या नोंदीपुढचा ‘अज्ञात’ हा शब्द एका रेघेने, खालचे वाचता येईल असा, छेदून शेजारी लिहिले:

‘कारण: दिवंगत पत्नी जुबैदा हिच्या नावची झोपेची गोळी मी रोज रात्री दहाला घेत होतो. त्या गोळीने घसा सैल पडून झोपेत श्वास थांबे व जाग उशिरा येई, त्यामुळे दिवसा झोप येई. रमजानात गोळी घेत नव्हतो, कारण सेहरीला उठवणारे घरात कोणी नव्हते.’

उरलेल्या तेरा नोंदींपुढे त्यांनी ‘वरीलप्रमाणे’ असे लिहिले.